व्हेनिसचं तिकीट आणि व्हेनिसच्या खाटा

आपल्याकडच्या कुठल्याही युरोप सहलीचं पत्रक उघडा. ज्या दिवसापुढे ‘व्हेनिस’ असं ठळक छापलेलं असतं, त्या रात्रीचा मुक्काम बहुधा व्हेनिसात नसतोच; तो मेस्त्रेला, नाहीतर पादोव्याला. सकाळी बस त्रोनकेत्तोच्या धक्क्याला लागते, तिथून बोटीनं सान मार्को. काच फुंकणारा कारागीर, कबुतरं, फोटो, हौस असेल तर गोंडोला, की दुपारी माणसं मोजून परत बसमध्ये. एवढ्या ओळखीवर आपण त्या शहराबद्दल बरंच काही ठामपणे बोलत असतो.

गैरसमज : व्हेनिसात शिरायला आता सगळ्यांना तिकीट पडतं आणि त्यामुळे गर्दीला आळा बसला.

तिकीट आहे, पण सगळ्यांना नाही आणि रोज तर नाहीच. २५ एप्रिल २०२४ला ते सुरू झालं, तेव्हा वर्षातले फक्त २९ दिवस ठरवले होते. सकाळी साडेआठ ते दुपारी चार, माणशी ५ युरो, तेही जुन्या शहरापुरतं. २०२५मध्ये दिवस ५४ झाले आणि आयत्या वेळी काढणाऱ्याला १० युरो. १४ वर्षांखालच्या मुलांना माफी. ज्याचा मुक्काम व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत आहे त्यालाही माफी, कारण तो हॉटेलात मुक्कामाचा कर भरतोच. गंमत अशी, की खाडीपलीकडचं मेस्त्रे याच हद्दीत येतं. म्हणजे मेस्त्रेला झोपलेली बस फुकट आणि पादोव्याला झोपलेली बस पैसे भरून, अशा दोन्ही एकाच धक्क्यावर उतरतात.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. या तिकिटाला संख्येची मर्यादा नाही. ‘आजची तिकिटं संपली’ असं कुणालाच सांगितलं जात नाही. पैसे भरा आणि या. सान मार्कोच्या चौकात खुर्चीवर बसून घेतलेली कॉफीसुद्धा पाच युरोंहून महाग पडते, तेव्हा हजारो मैल आलेला माणूस त्यासाठी माघारी फिरेल कसा? पहिल्या वर्षी पालिकेकडे सुमारे २४ लाख युरो जमले. गर्दी होती तिथेच राहिली.

गैरसमज : मोठी जहाजं बंद केली, तो प्रश्न मिटला.

ऑगस्ट २०२१पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरून आणि जुदेक्काच्या कालव्यातून जायला बंदी आहे. हे चांगलंच झालं. घरांच्या छपरांवरून डोकावणारी ती पांढरी इमारत आता दिसत नाही. पण यातली काही जहाजं खाडीपलीकडच्या मार्गेराच्या कारखान्यांशेजारच्या धक्क्याला लागतात आणि प्रवासी तिथून शहरात येतातच.

गैरसमज : पर्यटकांच्या ओझ्यानं शहर बुडतंय.

हे बोलायला बरं वाटतं इतकंच. विसाव्या शतकाच्या मध्यावर मार्गेराच्या कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं, त्यानं जमीन खचली. उरलेलं काम चढत्या समुद्राचं. ओझ्याची तक्रार फक्त गोंडोलावाल्यांनी केली. पर्यटक वजनदार झालेत म्हणून २०२०मध्ये त्यांनी गोंडोल्यातली माणसं सहावरून पाचवर आणली.

गैरसमज : बसनं येऊन जाणारे तेवढे वाईट, शहरात घर घेऊन चार दिवस राहणारा प्रवासी शहाणा.

हा समज शिकल्यासवरल्या माणसांचा, म्हणून जास्त चिवट. ‘स्थानिकांसारखं राहा’ ही जाहिरात वाचून ॲपवर फ्लॅट घेणारा स्वतःला बसमधल्या घोळक्यातला समजत नाही. बसवाला गल्ली अडवतो, दोन बाटल्या पाणी घेतो आणि जातो. त्याचा त्रास डोळ्यांना दिसतो. फ्लॅटवाला कुणाच्या वाटेत येत नाही. तो फक्त कुणाच्या तरी घरात झोपतो.

घरमालकाच्या बाजूनं बघा. इटलीत घर नेहमीच्या करारानं भाड्यानं दिलं, तर तो करार चार वर्षांचा आणि सहसा पुढे आणखी चार वर्षांचा. भाडेकरूला मध्येच उठवणं सोपं नाही. पर्यटक तीन रात्रींत किल्ली ठेवून जातो, आणि कार्निवलच्या आठवड्यात दर वाटेल तसा चढवता येतो. मालक लबाड असायला नको, हिशेब येत असला की पुरे. मग एका जिन्यावरची चारपैकी तीन घरं सुटकेसवाल्यांची होतात. खालचा किराणावाला, चांभार, नळाचं सामान विकणारा यांना गिऱ्हाईक उरत नाही आणि त्या गाळ्यांत मुखवटे टांगले जातात. शेवटी चौथ्या घरातली म्हातारीही मुलाकडे मेस्त्रेला जाते.

याचा फटका पुन्हा हॉटेलांनाच बसतो. खोल्या आवरणारी बाई, वेटर, स्वयंपाकघरातला पोऱ्या यांना शहरात भाडं परवडत नाही. ते रोज खाडीवरचा पूल ओलांडून बसनं येतात आणि रात्रपाळी संपली की परतीच्या बसकडे पळतात. हंगामात माणसं मिळत नाहीत, ही इटलीतल्या हॉटेलवाल्यांची नेहमीची रड आहे. व्हेनिसात तिला हेही एक कारण.

बार्सिलोनानं नस ओळखली. तिथल्या पालिकेनं २०२४मध्ये जाहीर केलं, की १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने २०२८नंतर चालू ठेवायचे नाहीत. ते तडीस जाईल का, हा भाग वेगळा. निदान मोजमाप दारापाशी न करता बिछान्यापाशी केलं.

व्हेनिसात ते मोजमाप नागरिकच करतात. रियाल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८पासून आकड्यांची पाटी आहे : जुन्या शहरात आज राहणारी माणसं इतकी. १९५१मध्ये हा आकडा पावणेदोन लाखांच्या आसपास होता. २०२२मध्ये तो पन्नास हजारांखाली आला. पुढे एका पुस्तकाच्या दुकानातही तशीच पाटी लागली. ती मोजते पर्यटकांच्या खाटा. सप्टेंबर २०२३मध्ये दुसऱ्या पाटीनं पहिलीला मागे टाकलं.