शाळेचे दृक्-श्राव्य भांडार : मांडणी आणि जपणूक

पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या शाळांना भेटी देताना पावसाळ्यात एक दृश्य वारंवार दिसते. वर्गात दूरचित्रवाणी संच असतो, पाठाची तयारी झालेली असते, मुलेही उत्सुक असतात. परंतु इंटरनेट खंडित होते आणि चित्रफीत मध्येच थांबते. अन्यत्र चित्रफीत पेनड्राइव्हवर असते, पण तो पेनड्राइव्ह रजेवर गेलेल्या गुरुजींच्या खिशात राहिलेला असतो. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. शाळेचे सर्व दृक्-श्राव्य साहित्य एका ठिकाणी साठवावे आणि तेथून ते कोणत्याही वर्गातील संचावर इंटरनेटवाचून पाहता यावे. शिक्षकांना आपल्या घरीही हीच योजना करता येईल.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९८४ साली पुण्यातच बालचित्रवाणीची स्थापना झाली. त्या काळी प्रसारणाच्या वेळेप्रमाणे पाठाची वेळ जुळवावी लागे. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. आज साहित्य आपल्या हाती ठेवता येत असल्याने पाठाला हवे तेव्हा साधन वापरता येते. हा लाभ लहान नव्हे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. राउटर हे यंत्र शाळेतील संगणक, मोबाइल व दूरचित्रवाणी संच यांना परस्परांशी जोडते. बाहेरची जोडणी तुटली तरी हे आतले जाळे चालूच राहते. नदीचे पाणी एकदा रांजणात भरले की प्रत्येक पेल्यासाठी नदीवर जावे लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. जोडणी असेल त्या वेळी साहित्य उतरवून घ्यावे आणि पुढे वर्षभर ते घरचे म्हणून वापरावे.

यासाठी यूएसबीची खाच असलेला राउटर, एक हार्ड डिस्क आणि वायफायवर चालणारा दूरचित्रवाणी संच एवढे साहित्य पुरते. राउटरला खाच नसल्यास शाळेतील जुना संगणक भांडार म्हणून वापरता येतो. स्पष्ट दिसणाऱ्या चित्रफितीला दर सेकंदास सुमारे ५ मेगाबिट माहिती लागते, असे धरल्यास एका तासाला सव्वादोन गिगाबाइट जागा होते. त्या हिशेबाने एक टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे ४४० तासांचे साहित्य मावते. एका शाळेस एवढी जागा पुष्कळ झाली.

कृती पुढील क्रमाने करावी.

(१) डिस्क राउटरला जोडावी. राउटरच्या खालच्या बाजूस छापलेला पत्ता संगणकावर उघडून प्रथम मूळचा पासवर्ड बदलावा.

(२) तेथेच ‘फाइल शेअरिंग’ व ‘मीडिया सर्व्हर’ या दोन सोयी सुरू कराव्यात. पहिलीतून शिक्षक संगणकावरून साहित्य भरतात. दुसरीतून दूरचित्रवाणी संचाला चित्रफितींची यादी दिसते. साहित्य भरण्या-पुसण्याचा पासवर्ड केवळ शिक्षकांकडे असावा.

(३) संचावरील मीडिया प्लेअर उघडून भांडाराचे नाव निवडावे. एमपी४ स्वरूपातील चित्रफिती बहुतेक संचांवर चालतात. चित्र अडखळत असल्यास राउटरपासून संचापर्यंत तार टाकावी. एका सलग तारेची मर्यादा १०० मीटर आहे.

(४) इयत्ता, विषय व घटक या क्रमाने कप्पे करावेत. ‘नवीन’, ‘नवीन२’ अशी नावे देऊ नयेत. बदलून येणाऱ्या शिक्षकास त्यांतून काहीच बोध होत नाही.

मीडिया सर्व्हरवरील साहित्य जाळ्यात असलेल्या कोणासही दिसते. सबब विद्यार्थ्यांच्या नोंदी व कागदपत्रे तेथे ठेवू नयेत आणि हे भांडार बाहेरच्या इंटरनेटला खुले करू नये.

येथवर मांडणी झाली. आता जपणुकीविषयी लिहिताना माझी स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका शाळेने माझ्या सल्ल्याने सर्व साहित्य एकाच डिस्कवर आणले. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन ती डिस्क बिघडली. पाठांच्या चित्रफिती आठवडाभरात पुन्हा मिळाल्या. परंतु मुलांनी गावातील एका आजींकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्या मात्र कायमच्या गेल्या. कारण तोवर आजी हयात राहिल्या नव्हत्या. दुसरी प्रत ठेवा, एवढे एक वाक्य मी सांगावयास हवे होते.

ओव्यांचे मोल आपल्या तालुक्यास नव्याने सांगावयास नको. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत मुळशीतील कोळवडे यांसारख्या गावांच्या स्त्रियांच्या ओव्या आहेत आणि आज ‘पारी’ या ग्रामीण संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या कोणासही ऐकता येतात. कंठातून गेलेली ओवी पुन्हा मिळत नाही. ती नोंदली गेली व जपली गेली, तरच उरते.

म्हणून भांडारातील साहित्याचे दोन वर्ग मानावेत. जे पुन्हा उतरवून घेता येते, त्याची एक प्रत पुरे. जे आपल्या मुलांनी व गावाने निर्माण केले, त्याच्या तीन प्रती असाव्यात : एक भांडारात, दुसरी कपाटातील वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी शाळेबाहेर, उदाहरणार्थ केंद्रशाळेत. दर महिन्याच्या अखेरीस नव्या साहित्याची भर या प्रतींत घालावी आणि एखादी फीत चालवून पाहावी. न तपासलेली प्रत ऐन वेळी दगा देते. कपाटातील डिस्क हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. चालू डिस्क हलवू नये व एकदम उपटू नये. राउटर आणि डिस्क बॅटरीच्या यूपीएसवर ठेवावीत. मुलांचे चित्रण करताना पालकांची संमती घ्यावी.

हे काम एका दुपारी होण्यासारखे आहे. शाळेत ज्या ध्वनिफिती आज एकाच मोबाइलमध्ये असतील, त्यांची दुसरी प्रत मात्र राउटर येण्याची वाट न पाहता आजच करावी.