रंग भरण्याआधीचा नकाशा

मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. वर्तमानपत्रांत तेव्हा गाजले ते वाढीव एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) आणि आरे कॉलनी. पण महापालिकेकडे आलेल्या हरकतींत साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या चुका कितीतरी होत्या. उभ्या इमारतींवरून रस्ता गेलेला, वारसा यादीतल्या वास्तू गायब, गावठाणं आणि कोळीवाडे नीट दाखवलेलेच नाहीत.

‘आराखडा बिल्डरांच्या सोयीने बनतो, पाहणी वगैरे नुसता उपचार’ हा आपल्याकडचा आवडता समज आहे. दबाव नसतो असं म्हणण्याइतकं भोळं कोणी राहू नये. पण राहत्या घरावरून रस्ता नेऊन कुठल्या बिल्डरचं भलं होणार? असल्या चुका बहुतेक वेळा कच्च्या पाहणीतून येतात. महाराष्ट्रात 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा इरादा जाहीर झाला की आधी शहराची पाहणी करून विद्यमान भूवापर नकाशा तयार करावा लागतो. प्रारूप आराखडा त्यानंतर. कुठे शाळा आधीच आहे, कुठे मैदान कमी पडतं, हे सगळं त्या पहिल्या नकाशावरून ठरतं. तिथे चूक राहिली की ती जागांच्या आरक्षणांपर्यंत झिरपत जाते.

मग कोणी म्हणतं, आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, पायपीट कशाला? उपग्रहाला छप्पर दिसतं, छपराखालचा उद्योग दिसत नाही. धारावीच्या कुंभारवाड्याचं उदाहरण घ्या. पुढे राहतं घर, तिथेच ओट्यावर चाक, मागच्या सामाईक अंगणात भट्टी, आणि वाळत घातलेल्या कुंड्या-पणत्या वाटेपर्यंत आलेल्या. वरून पाहिलं तर पत्र्यांची एक सलग चादर. नकाशात निवासी जागेला पिवळा रंग, औद्योगिकला जांभळा. इथे कुठला लावायचा? पिवळा लावला तर भट्टी कागदावरून पुसली जाते, जांभळा लावला तर माणसं. पाहणी करणारा दारात जाऊन ‘इथे काय चालतं, कधीपासून, माल कुठे जातो’ असं विचारत नाही, तोवर हा प्रश्न त्याला पडणारही नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस 1914 मध्ये भारतात आले आणि गावोगावच्या गल्ल्या पायी फिरत अहवाल लिहू लागले. आधी निदान, मग उपचार, अशी त्यांची पद्धत. पुढे 1919 पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवत. शंभर वर्षांत साधनं बदलली, पायपीट चुकलेली नाही.

लोकसंख्येबाबतचा समज जास्त फसवा आहे. ‘जनगणनेचा आकडा घ्या, वाढीचा दर लावा, झालं.’ पण 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे बेटावरच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली. त्याच काळात उपनगरं वाढली. संपूर्ण मुंबईला एकच दर लावणारा माणूस दोन्हीकडे चुकतो. शिवाय जनगणना माणूस मोजते तो राहत्या ठिकाणी. फोर्टात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात दिवसा जी गर्दी असते ती तिथल्या जनगणनेत नाही, ती विरार-कल्याणच्या खात्यावर. स्वच्छतागृहं आणि पदपथ मात्र तिला फोर्टातच लागतात.

वाहतुकीत मोजणीच्या एककातच मेख आहे. रस्त्यावरची सगळी वाहनं मोटारीच्या मापात बदलून मोजली जातात: मोटार एक, दुचाकी साधारण अर्धी, बस दोनपेक्षा जास्त. रस्त्याची जागा कोण किती अडवतं, हे त्यातून बरोबर कळतं. पण हे माप माणसं मोजत नाही. पन्नास जण बसलेली बस आणि एकटा माणूस बसलेल्या दोन-तीन मोटारी इथे जवळपास सारख्याच. मग याच आकड्यांवरून ‘गर्दी वाढली, उड्डाणपूल हवा’ असा निष्कर्ष निघतो. 2008 च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात मात्र घरोघरी जाऊन विचारलं गेलं, तेव्हा मुंबई महानगर प्रदेशातल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या पूर्णपणे पायी होतात असं दिसलं. चौकात वाहनं मोजत बसलेल्याच्या तक्त्यात या लोकांना रकानाच नसतो.

राहिला हरकतींचा भाग. एकच छापील मजकूर हजार सह्यांनी दिला की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे सदस्य असतात तसेच नगररचनेचे जाणकारही असतात, आणि त्यांना दाखवायला कागद लागतो. सिटी सर्व्हे नंबर, मिळकत पत्रिकेचा उतारा, जागेचे फोटो, नकाशाच्या नेमक्या पानावर खूण, आणि ‘इथे वाचनालय आहे, तुम्ही दुकान दाखवलंय’ असं एक वाक्य. मुंबईचं सुधारित प्रारूप 2016 मध्ये पुन्हा लोकांपुढे आलं आणि 2018 मध्ये शासनाने आराखड्याला मंजुरी दिली. आपल्या शहराचा आराखडा सुरू झाला असेल तर प्रारूपाची वाट पाहू नका. विद्यमान भूवापर नकाशा आधी मागा आणि आपली गल्ली त्यात शोधा.