बंद पडलेल्या यंत्रासाठीं नवे खेळ

एखादें यंत्र कारखान्यांतून निघेनासें झालें म्हणजे त्याचें आयुष्य संपलें, अशी सामान्य समजूत आहे. अटारी २६०० या व्हिडिओ-खेळांच्या यंत्राचा इतिहास मात्र निराळें सांगतो. हें यंत्र १९७७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें आणि १९९२ मध्यें त्याचें उत्पादन थांबलें. तरीहि कित्येक हौशी मंडळी आज त्याच्यासाठीं नवे खेळ रचीत आहेत. कंपनीच्या आश्रयावांचून घरच्या घरीं रचलेल्या अशा खेळांस ‘होमब्रू’ म्हणतात.

हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. त्या काळीं मेमरी फार महाग असे. म्हणून या यंत्रांत ती अवघी १२८ बाइट ठेवली गेली. इंग्रजी मजकुराच्या दोन ओळी भरतील, एवढीच ही जागा! पडद्यावरील सबंध चित्र तींत मावणें अशक्य. त्यामुळें टेलिव्हिजनचा किरण एकेक ओळ काढीत असतां, तींत काय दिसावें हें प्रोग्रॅमला त्याच क्षणीं सांगावें लागतें. प्रत्येक ओळीस यंत्राच्या घड्याळाचे ७६ ठोके मिळतात, आणि लहानांत लहान आज्ञेसहि दोन ठोके खर्च होतात. अमेरिकन पद्धतींत अशा २६२ ओळींचें एक चित्र, व सेकंदास सुमारें ६० चित्रें. एक ठोका चुकला कीं आकृति जागा सोडते. हालचालींचा व गुणांचा हिशेब बहुधा पडद्याच्या वर-खालच्या न दिसणाऱ्या ओळींच्या अवधींत उरकावा लागतो.

मराठी रसिकास येथें वृत्तबद्ध कवितेची आठवण व्हावी. शार्दूलविक्रीडिताच्या चार चरणांत, प्रत्येकीं १९ प्रमाणें, अक्षरें ७६ च असतात. हा केवळ योगायोग खरा. परंतु बंधन त्याच जातीचें आहे. त्यांत राहूनच कुशल कवि आपलें म्हणणें मांडतो.

याचें एक ठळक उदाहरण २०१० सालचें आहे. मायक्रोसॉफ्टच्या खेळ-विभागाचे माजी उपाध्यक्ष एड फ्राइज यांनीं ‘हॅलो’ हा आधुनिक खेळ या जुन्या यंत्रासाठीं नव्यानें रचला. २०१३ मध्यें अमेरिकेंतील स्मिथसोनियन कलासंग्रहालयानें ‘हॅलो २६००’ आपल्या संग्रहांत घेतला.

असा खेळ आजच्या संगणकावर लिहितात, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर तपासतात आणि शेवटीं चिपमध्यें भरून कार्ट्रिजच्या रूपानें मूळ यंत्रांत बसवितात. नकलेंत सुरळीत चाललेला खेळ येथें कधीं कधीं अडखळतो. म्हणून खरी परीक्षा हीच.

इतक्या खटाटोपाचें फळ काय? संग्रहालयाच्या कपाटांत यंत्राचा सांगाडा टिकेल. तें चालविण्याची विद्या तेथें टिकणार नाहीं. एखाद्या भाषेंतील जुने ग्रंथ नुसते जपून ठेवल्यानें ती भाषा जिवंत राहत नाहीं. तींत कोणीतरी नवें लिहावें लागतें. होमब्रू रचणारे या यंत्राच्या भाषेंत तेंच करीत आहेत.