दुकान बंद ठेवून मलेशियाला जायचे तर

आमच्या डोंगरकड्यात कुणी विमानात बसला असे कळले की लोक विचारतात, "उमरा की नोकरी?" सहल म्हटले की गप्प होतात. आठ दिवस गल्ला बंद ठेवणे छोट्या दुकानदाराला परवडत नाही हे खरेच, म्हणूनच बेत नीट आखला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी घरच्यांना घेऊन मलेशियाला गेलो. एजंटाने समुद्रकाठची स्वस्त खोली दिली ती तेरेंगानू राज्यात. बहुतेक दिवस पाऊस, बेटांकडे जाणाऱ्या होड्या बंद, पैसे परत नाहीत. अर्धी चूक माझीच. नकाशा न पाहता रक्कम भरली होती.

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वारे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस आणतात. मधल्या डोंगररांगेच्या आडोशाने पश्चिमेकडचे लंकावी बेट त्या वेळी बरेच कोरडे असते. सह्याद्रीपलीकडे पाऊस आणि मराठवाड्यात ऊन, तसाच हा प्रकार. जून ते ऑगस्टमध्ये पूर्व किनारा उघडा असतो. लग्नसराई संपून कापडाला मंदी येते तेही हेच दिवस. रमजान ईदच्या आठवड्यात मात्र जाऊ नये. तिकडे सगळे गावी जातात, गाड्या भरलेल्या आणि दुकाने बंद. तेरेंगानू व केलांतानमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते, हेही ध्यानात ठेवावे.

भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा नको ही सवलत १ डिसेंबर २०२३ पासून आहे व ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे. पुढचे तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करावी. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आगमन कार्ड भरावे लागते. ते फुकट आहे, एजंटाला त्याचे पैसे देऊ नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

खरी अडचण नावाची. आपल्या उर्दू शाळेच्या टीसीवर एक नाव, आधारवर दुसरे. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे नुसते 'मो.', 'शेख' कधी पुढे, कधी मागे. आधी कागद एकसारखे करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज करा. तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. त्यासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. आपल्याकडून नांदेडहून रेल्वेने हैदराबाद गाठावे. तिथून क्वालालंपूर विमानाने चार-साडेचार तास.

आपली माणसे तिकडे नवीन नाहीत. पोर्तुगीजांनी १५११ साली मलाक्का जिंकले. त्यानंतर तिथे राहिलेल्या तोमे पिरेसने बंदरातल्या व्यापाऱ्यांची यादी लिहिली, तीत गुजरात्यांसोबत चौल आणि दाभोळचे लोकही आहेत. त्या बंदरात आपल्या देशाचे कापड विकले जाई आणि मसाला परत येई. मलाक्कातली कंपुंग क्लिंग मशीद हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांनी १७४८ साली उभारली. एक दिवस तिथे जरूर काढावा.

कापडवाल्याने क्वाला तेरेंगानूच्या पायांग बाजारात सकाळीच जावे. बाटिकमध्ये मेणाने नक्षी झाकून रंग भरतात. कापड उलटून पाहा. अस्सल मालावर रंग दोन्हीकडे सारखा उतरतो, छापील मालाची पाठ फिकी असते. सोंकेतमध्ये हिमरूसारखी जादा बाण्याने नक्षी काढतात, पण सोन्या-चांदीच्या धाग्याने. भावाची घासाघीस चालते, फक्त आवाज चढवू नये.

दोन-चार नग घरासाठी आणावेत. पण एकाच नमुन्याचे वीस तुकडे पेटीत भरले तर कस्टमवाला ते प्रवासी सामान मानणार नाही, व्यापारी माल म्हणून अडवेल. विक्रीसाठी आणायचे असेल तर आयात-निर्यात कोड काढून, पक्के बिल घेऊन, माल कार्गोने मागवावा. नमुन्याला एक-एक तुकडा आणि विणकराचा पत्ता एवढे खिशात पुरते.