एक ओटा, चार पथ्यं

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग, बारा स्थानकं. एका टोकाला कोळीवाडा आणि वलांडीवर वाळणारे बोंबील. दुसऱ्या टोकाला देरासरं आणि बटाट्याच्या जागी कच्ची केळी घातलेली जैन पावभाजी. पूर्वी उपनगरात माणूस काय खातो याचा अंदाज त्याच्या आडनावावरून आणि स्थानकावरून बांधता येई, आणि तो फारसा चुकत नसे. आता ही अख्खी लाइन एकाच घरात सापडते. वडील माळकरी, आई बैठकीला जाणारी, थोरला इस्कॉनवाला, सून ‘दीक्षित डाएट’ करणारी, आणि धाकटी पुण्याहून सुट्टीला येताना व्हीगन होऊन आलेली. स्वयंपाकघर मात्र एकच. त्यात सहा-सात फुटांचा ओटा आणि दोन शेगड्या.

मराठी घराला वेगळं खाणारा माणूस नवा नाही. कोकणात आणि देशावर मासे-मटण खाणाऱ्या कुटुंबांतही एखादा माळकरी असायचाच. पन्नाशी उलटली, पंढरीची वारी घडली, की गळ्यात तुळशीची माळ यायची आणि वशाट सुटायचं. त्याचं भांडं वेगळं, त्याचं वाढप आधी. जमेल तिथे चूलही वेगळी, मागच्या पडवीत. त्यावर घरात वादविवाद होत नसे. घरच्यांनाही माळ घाला असं तो म्हणत नसे, आणि घरचेही त्याला सुक्या बोंबलाचा वास दाखवून चिडवत नसत. निदान रोज तरी नाही.

घरात बाकीच्यांचं पथ्यही होतंच, पण ते तिथी-वाराला बांधलेलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी म्हणजे ‘आज वार आहे’. बुधवार, शुक्रवार, रविवारी मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते, ती त्याचमुळे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून चातुर्मासापुरता कांदा-लसूण बंद. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा पानात. श्रावण सगळ्यांचाच. या व्यवस्थेत एक मोठी सोय होती, तिच्याकडे आपलं कधी नीट लक्ष गेलं नाही. पथ्य तिथीचं असल्यामुळे त्या दिवशी साऱ्या घराचं जेवण एकच असे. बाई एकदाच रांधत असे. आता पथ्य माणसाचं झालं आहे. मंगळवारी दुपारी एकाच टेबलावर चार जणांचे चार निर्बंध बसलेले असतात, आणि त्यांपैकी एकही पंचांगात सापडत नाही.

उपनगरातले बदलते आहार आणि बदलत्या श्रद्धा यांविषयी जे बोललं जातं, ते बहुतेक सहिष्णुतेच्या भाषेत असतं. कोण उदार, कोण कर्मठ, कुणी कुणाला समजून घ्यावं. मला वाटतं मूळ प्रश्न त्याहून पुष्कळ साधा आणि जरा गैरसोयीचा आहे. नवं पथ्य एक जण घेतो, त्याचं पातेलं कोण चढवतं?

आधी श्रद्धांचं पाहू. या पट्ट्यात त्यांची कमतरता नाही. जुहूचं इस्कॉनचं मंदिर १९७८ मध्ये उघडलं. अंधेरी-पार्ल्यातल्या किती तरी मराठी मुलांची कृष्णभक्तीशी पहिली ओळख तिथे एखाद्या रविवारी झाली. बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराईचा विपश्यना पॅगोडा. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. त्याच्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. रेवदंड्याच्या धर्माधिकारी कुटुंबाच्या श्रीबैठका, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा स्वाध्याय, वामनराव पैंनी १९५५ मध्ये सुरू केलेली जीवनविद्या, स्वामी समर्थांची केंद्रं, ब्रह्माकुमारींचे वर्ग. मुलुंड किंवा घाटकोपरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत या सगळ्यांची माणसं एकाच लिफ्टने खाली उतरतात.

घराच्या दृष्टीने या साऱ्या मार्गांत एक फरक निर्णायक ठरतो, आणि तो तत्त्वज्ञानाचा नाही. काहींचा हात स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. बैठकीला जाणारी बाई ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दासबोधाचं निरूपण ऐकायला जाते. घरच्यांनी त्या दिवशी चहा स्वतः करून घेतला की झालं. जीवनविद्येत विचार बदलायचे असतात, फोडणी नाही. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर माणसाला घरातून उचलून नेतं आणि परत आणून सोडतं. शिबिरात जुन्या साधकांना दुपारी बारानंतर जेवण नसतं, पण घरी परतल्यावर रात्री वरणभात चालतो. मौनाची सवय दोन दिवस टिकली तर घरचे उलट खूशच होतात.

काही मार्ग मात्र थेट ओट्यावरच येऊन उभे राहतात. इस्कॉनची दीक्षा म्हणजे रोज सोळा माळा जप, मांस-मासे वर्ज्य, नशा वर्ज्य, आणि कांदा-लसूणही नाही. इथपर्यंत आई निभावून नेते. अडतं ते पुढे. रांधताना चाखायचं नाही आणि देवाला अर्पण केल्याशिवाय जेवायचं नाही. चाळीस वर्षं आमटी उकळताना पळीभर तळहातावर घेऊन मिठाचा अंदाज घेतलेल्या बाईला मुलगा सांगतो, ‘आई, ती उष्टी झाली.’ ब्रह्माकुमारींच्या कडक वळणातही स्वतः किंवा आपल्या मार्गातल्या माणसाने परमात्म्याच्या स्मरणात केलेलं अन्नच घेतात. म्हणजे इथे काय शिजलं एवढाच प्रश्न उरत नाही, कुणी शिजवलं हेही विचारलं जातं. मुलाने मासे सोडले याचं मराठी आईला फारसं दुःख होत नाही. तिच्या हातचं त्याने सोडलं, हे ती कुणाला सांगतही नाही. शेजारणीला ती सांगते, ‘पोटाचं जरा नाजूक आहे त्याचं.’

मराठीत या दुखण्याची सर्वांत स्पष्ट नोंद सव्वाशे वर्षांपूर्वीच्या संसाराची आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. बराच काळ त्या पंढरपूरला माहेरच्या माणसांत होत्या. पुढे नगरला नवऱ्याजवळ आल्या तेव्हाही सोवळं आणि पाणी वेगळंच ठेवलं. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३० च्या दशकात आलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्या हे सगळं सांगतात, आणि सांगताना हसतातही. ते पुस्तक वाचताना लक्षात राहतं ते असं, की देवावरचा वाद त्या नवरा-बायकोला झेपला. खरी कसरत घागर, पाणी आणि पंक्ती यांची होती. लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते कुणाच्या व्याख्यानाने नव्हे. दोन घरं एका घरात चालवता चालवता त्यांच्या मनातला जातीचा प्रश्न आपोआप सुटत गेला.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेने मराठी घरांत घडवलेला बदल याहून कितीतरी मोठा. रमाबाई आंबेडकर नगरपासून मुलुंडपर्यंतच्या वस्त्यांत आज तिसरी-चौथी पिढी त्या बदलात वाढते आहे. गंमत अशी, की इथे थाळी जवळजवळ तशीच राहिली, देव्हारा रिकामा झाला. बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपती न मानण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच श्राद्धपक्ष न करण्याचीही. तेव्हा अवघड प्रसंग ताटावर येत नाही, प्रसादावर येतो. सहकाऱ्याकडे किंवा आंतरजातीय लग्नामुळे नव्याने जोडलेल्या सोयऱ्यांकडे गणपतीला गेल्यावर मोदक हातात घ्यायचा का? बहुतेक जण घेतात आणि खातात, खाऊ म्हणून. काही जण नम्रपणे नाही म्हणतात. ज्या घरात या नकाराचं कारण कुणी विचारत नाही, तिथे पुढच्या वर्षीही त्यांचं जाणं-येणं राहतं.

प्रसाद नाकारण्याची भीती आपल्याकडे कथेतच पेरलेली आहे. सत्यनारायणाच्या कथेतल्या तुंगध्वज राजाने गोपाळांनी दिलेला प्रसाद घेतला नाही आणि त्याचं सर्वस्व गेलं. ही कथा दरवर्षी ऐकलेल्या मावशीसमोर व्हीगन भाची म्हणते, ‘मावशी, यात तूप आहे, दूध आहे.’ सव्वाच्या मापाचा शिरा म्हणजे रवा, साखर, तूप, दूध, केळं. पंचामृतात तर दूध, दही, तूप आणि मध, म्हणजे पाचांतले चार जिन्नस बाद. मावशीच्या दृष्टीने हा नास्तिकपणा. भाचीच्या दृष्टीने हे गायीवरचं प्रेम, तेही मावशीपेक्षा जास्त. यातून मी पाहिलेला सर्वांत शहाणा तोडगा एका आजोबांचा होता. त्यांनी प्रसादातलं केळं सोलून तिच्या हातावर ठेवलं. तेही नैवेद्यातलंच.

खाण्याच्या बाबतीत मात्र खरे धर्मगुरू आता वेगळेच आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत २०१८ च्या आसपास महाराष्ट्रभर पसरली. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकरांचा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं, मध्ये काही नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. २००९ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक गाजलं, आणि तेव्हापासून भात, तूप, घरचं, हंगामातलं, थोडं थोडं पण वेळच्या वेळी खा, असं त्या सांगत आल्या. एकाच घरात सासरे दीक्षित आणि सून दिवेकर असली की दिवसभर काही ना काही शिजत राहतं, आणि दोघेही आपापलं वजन उतरल्याचं सांगतात. यात थट्टेचा भाग सोडला तर मागे खरी भीती आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. उपनगरातल्या बहुतेक घरांत पथ्याची सुरुवात गुरूपासून होत नाही, रक्ततपासणीच्या अहवालापासून होते. पण अहवालाने लावलेलं पथ्यही लवकरच श्रद्धेसारखं वागू लागतं. दीक्षितवाला माणूस दुपारी चार वाजता पाहुणा म्हणून गेला की बिनसाखरेचाही दुधाचा चहा नाकारतो, आणि यजमानीण हिरमुसते. चहा नाकारणाऱ्याला पुन्हा काय विचारायचं, हे अजून मराठी घराला सुचलेलं नाही.

शेजाराचाही थोडा हिशेब मांडायला हवा. घाटकोपर-मुलुंडमध्ये चौविहार पाळणारं घर शेजारी असलं की त्यांची जेवणं सूर्यास्ताच्या आत. डिसेंबरात तो सहाच्या सुमारास, जूनअखेरीस सव्वासातनंतर. फोर्टातून सुटणारा माणूस डिसेंबरात त्या वेळेला घरी पोचूच शकत नाही, तो ऑफिसातच डबा उघडतो. म्हणजे स्वतःचं पथ्य स्वतः वाहतो. याच उपनगरांत मांसाहारी मराठी माणसाला घर न देणाऱ्या सोसायट्याही आहेत. २०१५ मध्ये पर्युषणातल्या मांसविक्रीबंदीवरून मुंबईत मोठा वाद होऊन प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या भांडणात मी इथे शिरत नाही. फक्त एवढंच, की घरात चार पथ्यं सांभाळणारी माणसं जिन्यात मात्र एकच पथ्य मागतात, हे पाहून मला नेहमी नवल वाटतं.

आता पातेल्याकडे परत येऊ. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, पुरुषांची ९७. या २९९ मध्ये एका माणसाचा नवा साक्षात्कार किती मिनिटं भर घालतो, ते कुणी मोजत नाही. कांदा न घातलेली वेगळी भाजी, नाचणीची वेगळी भाकरी, एकादशीची खिचडी. (उपासाच्या या खिचडीतला साबुदाणा, बटाटा, दाणे आणि मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. पाहुण्या पदार्थांना आपण इतकं सामावून घेतलं की देवाने हरकत घेतली नाही.) पोळीभाजी केंद्रांनी बोरिवली-मुलुंडात बराच भार उचलला आहे, ‘जैन’ आणि ‘उपवास’ अशा पाट्यांसह. ज्या घरांत खटके कमी उडतात तिथली गोष्ट मला बहुतेक वेळा एकच दिसली. पथ्य घेणारा स्वतः शेगडीपाशी उभा राहतो. इस्कॉनमध्ये गेलेला मुलगा रविवारी साऱ्या घरासाठी बिनकांद्याची भाजी करतो तेव्हा आईला त्याच्या दीक्षेचा राग उरत नाही. भाजी बरी झाली नाही तरी ती खाते. उलट, नव्या श्रद्धेचा माणूस ताटावर येऊन नुसती ‘हे चालत नाही’ची यादी वाचू लागला, की देव कुठलाही असो, घर त्याच्यावर चिडतं.

जुन्या प्रथेत याहून कठीण प्रश्न सुटलेले दिसतात. कोकणातल्या पुष्कळ घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा माशांचा नैवेद्य असतो, आणि शेजारीच गणपती मोदकाचा. त्या दिवशी दोघांच्या मध्ये पडदा धरतात. एका मखरात आई आणि मुलगा, दोन आहार, मध्ये एक साडी. आता अडचण अशी येते की तिखट रांधणाऱ्या सासूबाईंनीच माळ घातलेली असते, आणि सुनेने लग्नानंतर अंडंही सोडलेलं असतं. गौरीचं मटण कोण करणार? दहिसरच्या एका घरात हे काम गेली काही वर्षं जावई करतो. कुणी ठरवलं नव्हतं, त्याला येत होतं.

आणि एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. भाद्रपदात सर्वपित्रीला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर ठेवतात. जिने पंचावन्न वर्षं तिसऱ्यांचं कालवण चवीने खाल्लं आणि शेवटची पंधरा वर्षं माळ घालून काढली, त्या आईच्या पानावर काय वाढायचं? मोठी मुलगी म्हणते, तिची माळ होती, घारगे आणि खीर. धाकटा म्हणतो, माळ तिने आपल्यासाठी घातली होती, वडिलांच्या आजारपणात नवस म्हणून. मनातून तिला तिसऱ्याच हव्या होत्या, मला ठाऊक आहे. दोघेही तिच्याजवळ राहिलेले, दोघांनाही ती कळली होती. गेल्या वर्षी पान मोठीच्या मनासारखं वाढलं गेलं. धाकटा जेवायला थांबला, पण संध्याकाळी मासळीबाजारात जाऊन आला.