मुलाखतीचे दप्तर

मेजापलीकडे बसलेल्या तिघा-चौघांनी विचारलेले प्रश्न म्हणजेच मुलाखत, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी ऑक्टोबर 2024 पासून सरकारदफ्तरी ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या आपल्या जिल्ह्यातील सरकारी नोकरीच्या उमेदवाराची परीक्षा तालुक्याच्या सेतू केंद्रातच सुरू होते, आणि तेथे त्याला अडवणारे असतात ते मुदत, शिक्का आणि नावातली एखादी वेलांटी.

इतर मागासवर्गीयांस जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, तर अनुसूचित जातीच्या उमेदवारास 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. त्यामुळे आजोबा ज्या शाळेत गेले तिचे जीर्ण जनरल रजिस्टर, किंवा ते शाळेची पायरी चढलेच नसतील तर तहसील कचेरीतील कोतवाल बुक, हे नातवाच्या नोकरीचे पहिले साधन ठरते. त्यातील नोंद मोडीत असली तर ती वाचणारा माणूस गाठणे हा आणखी एक उद्योग. पुढे प्रांताधिकाऱ्यांकडून दाखला मिळतो, मग जात पडताळणी समितीपुढे प्रकरण जाते आणि त्यात कित्येकदा महिनोन्‌महिने निघून जातात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत तर जास्तीत जास्त तीन वर्षे! म्हणूनच मुलाखतीचे पत्र हाती पडल्यावर धावाधाव करणाऱ्याविषयी मला सहानुभूती वाटली, तरी त्याचा शहाणपणा मला मान्य नाही. हे कागद जाहिरात निघण्याच्या आधीच सिद्ध असावेत.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार कार्ड, अनुभवाचा दाखला आणि छायाचित्रे यांविषयी फार सांगायला नको. अस्सल कागद एका फायलीत आणि स्वसाक्षांकित नकलांचे दोन संच दुसरीत ठेवावेत, एवढे पुरे. राज्याच्या सेवेत शिरणाऱ्याने मात्र 2005 च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन द्यावयाचे असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ऐनवेळी ध्यानात येते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल सोबत घ्यावा. जुन्या दाखल्यावर 'अहमदनगर' लिहिले आहे म्हणून घाबरण्याचे मात्र कारण नाही. जिल्ह्याचे नाव बदलले, एवढ्यावरून दाखला बाद होत नाही.

अकोले तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर शंभर किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. तेव्हा सकाळची वेळ दिलेली असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम नात्यागोत्यात करावा, पहाटेच्या एस. टी.वर भिस्त ठेवू नये.

लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत मूळ प्रमाणपत्रे तपासून झाली की त्याच कागदांतून प्रश्न निघू लागतात, आणि मला वाटते, तयारीचे खरे मर्म येथे आहे. ज्याने अर्जात राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पदवी लिहिली, त्याला कांद्याच्या भावाविषयी विचारले जाणारच; ज्याचे गाव लोणीजवळ, त्याला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याविषयी बोलता आले पाहिजे; आणि ज्याने छंद म्हणून वाचन लिहिले, त्याला नगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना नेहरूंनी कोणता ग्रंथ लिहिला, हे ठाऊक नसेल तर तो छंद अर्जातून खोडलेलाच बरा. स्वतःचा अर्ज परक्याच्या नजरेने वाचावा आणि त्यातील प्रत्येक ओळीवर कुणाकडून तरी उलटतपासणी करवून घ्यावी. शेजारच्या निवृत्त मास्तरांइतका तत्पर परीक्षक दुसरा मिळणार नाही.

सुप्याच्या किंवा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत मामला निराळा असतो. तेथे आय.टी.आय. झालेल्या फिटरला वक्तृत्व कोणी मागत नाही. मेजावरचे व्हर्निअर कॅलिपर हाती देऊन एखाद्या तुकड्याचे माप घ्यायला सांगतात, लीस्ट काउंट किती ते विचारतात, आणि 0.02 मिलिमीटर हे उत्तर पाठ असूनही मुख्य पट्टी व उपपट्टी यांच्या रेघा जुळवताना ज्याचा हात थरथरतो, त्याची बाजू तिथेच लंगडी पडते. ज्याला ते माप बिनचूक सांगता येते, त्याची फाईल त्या दिवशी कदाचित कोणी उघडूनही पाहत नाही; ती मागितली जाते रुजू होण्याच्या सकाळी, आणि तेव्हा बँकेचे पासबुक घरी राहिले असेल तर पहिल्या पगाराला उशीर होतो.