जुन्या बुलेटची ऑइलची वाट

रोह्याहून धाटावच्या कारखान्यांकडे कामाला जाणाऱ्यांत एखादी जुनी बुलेट अजून दिसते. बिडाच्या इंजिनाच्या या गाडीत ऑइलची टाकी वेगळी नाही, ती इंजिनाच्या कवचातच असते. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमागे दोन पंप. एक ऑइल फिल्टरमधून क्रँकच्या बिग एंडकडे पाठवतो. दुसरा तळाशी साचलेलं उचलून परत फिरवतो आणि त्यातलंच काही ऑइल बाहेरच्या बारीक नळीने वर रॉकरकडे जातं. तिथून ते पुशरॉडच्या वाटेने खाली उतरतं.

माझ्या मते सर्वात दुर्लक्षित भाग ही नळीच. तिच्या प्रत्येक पोकळ बोल्टला दोन तांब्याचे वॉशर लागतात, नळीच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. नळी उघडली की ते नवे घाला. सायलेन्सरचा पाइपही उजवीकडेच असल्याने रबरी नळी त्याला टेकू देऊ नका. जोडल्यावर इंजिन चालू ठेवून वरचा बोल्ट किंचित सैल करा. ऑइल झिरपलं की घट्ट करा. झिरपलंच नाही, तर इंजिन लगेच बंद करा.

जुन्या येझदीत ही नळी शोधू नका. तिथे ऑइल सहसा पेट्रोलमध्येच मिसळतात.